फुली मारलेलं गाणं

रवि., ३१ ऑगस्ट

रिबेकाबाईंनी अखेर वही दिली. त्यांच्या आईची. पुठ्ठा सुटलेला, शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर असं की शिक्षकांच्या शिबिरात फिरवावं. कोकणातल्या यहुदी घरांत सणाला म्हणायची मराठी गाणी. कुठं साकी, कुठं दिंडी, एक तर चक्क पाळण्याच्या चालीवर.

ही बाई पस्तीस वर्षं वाटूरच्या दवाखान्यात नर्स. निवृत्त झाल्या तरी गाव सिस्टरच म्हणतं. आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. आणि ही वही मी आज पहिल्यांदा पाहिली!

वाचनालयात मुलांचा माझा रविवारचा वर्ग. दर वर्षी एका धर्माचे सण, गाण्यांतून. यंदा यहुदी. २८ सप्टें.ला कार्यक्रम. एकवीस गाणी आहेत, पाच निवडायची. कसोटी एकच: दहा वर्षांच्या पोराला अर्थ न सांगता कळलं पाहिजे. अर्थ सांगावा लागतो ते गाणं नव्हे, परिपत्रक.

गुरु., ४ सप्टें.

संध्याकाळी रि.बाईंच्या ओट्यावर. त्या गुणगुणतात, मी लिहून घेतो. आवाज थकलाय, सूर नाही.

ठरलेली: १) नव्याचा सण (त्यांचं वर्ष भादव्या-आश्विनात बदलतं). २) दारफळणीचा सण: दिवसभर उपास, दारं लावून घरात, आदल्या दिवशी सगळ्यांची माफी मागायची. ३) त्यांची होळी. दुष्ट प्रधानाचं नाव आलं की गोंगाट करायचा. पोरं खूश होणार. ४) वल्हांडण. गुलामीतून रातोरात निघाले त्याचं गाणं.

पाचवं मी निवडलं. वल्हांडणाच्या जेवणानंतर म्हणायचं. प्रत्येक कडवं ‘येत्या साली यरुशलेमी’ वर येऊन थांबतं. काय चढत जातं! भाषणाचा शेवट असा बांधता आला पाहिजे. दोन हजार वर्षं जगभर विखुरलेल्या माणसांनी दर साली तेच म्हणायचं, आणि पुढल्या सालीही तेच.

रि.बाईंनी पेन्सिल घेतली नि त्यावर फुली मारली.
“हे नको, सर.”
“का?”
“लांब आहे.”
आठ ओळींचं गाणं! हसलो. पेपरात रोज युद्ध. घाबरल्यात. भीतीचा इलाज माझ्याकडं आहे.

रवि., ७ सप्टें.

वर्ग भरगच्च. ‘कणीक फुगाया सवड नाही, घ्या ती तशीच, चला’ हे शिकवलं. पळायची घाई, पीठ आंबवायला वेळ नव्हता, म्हणून बिनखमिराची भाकरी. मागून सानिया ओरडली, “मंग ती आपलीच भाकर झाली की सर! आमची अम्मी कधी आंबवती?” हशा. दोन हजार पानं वाचूनही मला जे सांगता आलं नसतं ते एका वाक्यात.

दारफळणीचं रि.बाईंनी स्वतः सांगितलं. देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा अपराध देवाच्या हातात नाही, त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. तीनदा जायचं. तिसऱ्यांदाही त्यानं दिली नाही तर मागणारा सुटला, ओझं न देणाऱ्यावर. गाण्यातही तेच:

एक हाक दारी, दुसरी हाक दारी,
तिसरी हाक देऊन मी मोकळी घरी.

मुलांना गृहपाठ दिला: कुणाची तरी माफी मागून यायची. रि.बाई गुडघा धरून उठल्या तेव्हा त्यांना हात द्यायला चार पोरी धावल्या.

बुध., १० सप्टें.

वाचनालयाची बैठक. अध्यक्ष आप्पा. जमीन बक्कळ, काळीज राईएवढं.

“सर, बाकी समदं बराबर हाये. होळी करा, भाकरी करा. पर ते यरुशलेम कशाला? वातावरण बघून राह्यले ना? उद्या कोन म्हनंल ह्यांचे गानी देशाचे हायेत, त्या देशाचे.”

उभा राहिलो. बारा मिनिटं. कार्यकारिणीच्या खोलीत बारा मिनिटं म्हणजे मैदानावरचा दीड तास. म्हणालो, हे गाणं देशाचं नाही, आशेचं आहे. आशेला पासपोर्ट लागत नाही. ज्या बाईनं तुमच्या अर्ध्या तालुक्याच्या नाळी कापल्या तिचा देश कोणता हे विचारायची लाज वाटली पाहिजे. त्या याच मातीतल्या. यंदा इथं, येत्या सालीही इथं. हा माझा शब्द!

टाळ्या. आप्पांनीही हात वर केला. रि.बाई कोपऱ्यात पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसलेल्या. डोळे भरलेत असं मला वाटलं.

परतताना म्हणाल्या, “सर, एवढं बोलायला नको होतं.” मी म्हणालो, तुमच्यासाठी नाही बोललो, सत्यासाठी बोललो. त्या काहीतरी सांगणार होत्या, पण तेवढ्यात ट्रॅक्टर आला आणि ते राहून गेलं.

रवि., १४ सप्टें.

पाऊस. रि.बाई आल्या नाहीत, गुडघा. खोडरबरानं फुली पुसली आणि पाचवं गाणं शिकवलं. तासाभरात पाठ. पोरं घरी जातानाही तेच म्हणत होती, चिखलात पाय आपटत.

फुलीचा ठसा राहिलाय. फार जोरानं मारलेली.

शुक्र., १९ सप्टें.

चौकात, जीपवाल्यांच्या गर्दीत, आप्पांनी हाक मारली.
“काय सर, सिस्टर चालल्या म्हने! लेकाकडं, तिकडंच. कायमच्या. घर आमच्या पुतन्यानं घेतलं. तुम्हाला म्हाईत न्हाई?”
काय बोललो आठवत नाही.
“मंग तुमी त्या दिवशी शब्द दिल्ता तो कुनाचा व्हता? आमी हात वर केले राव.” मग हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “येत्या साली यरुशलेमी! मंग गानं देशाचंच निघालं की सर!”

घरी येऊन बायकोला, सुमनला, विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.
“माहीत व्हतं.”
“कधीपासून?”
“आखाडापासून. कागदं करायला जालन्याला दोनदा मीच गेल्ते संगं.”
“आणि मला?”
“तुम्हाला सांगायचं म्हंजे आधी सभा भरवावी लागती.”

बायको. शेजारीण. अख्खा चौक. मी एकटा मातीवर भाषणं देत होतो.

शनि., २० सप्टें.

गेलो. शनिवार, त्यांचा विसाव्याचा वार, म्हणून चूल थंड. भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या, चौकोन तेवढे उजळ.

“मी बैठकीत बोलायला उभा राहिलो तेव्हा तुमचं तिकीट काढलेलं होतं?”
“होतं. रविवारी, पाच ऑक्टोबरला निघायचं. परतूरहून गाडी.”
“आणि ऐकत बसलात!”
“मी फुली मारली होती, सर. तुम्ही पुसलीत.”
“फुली म्हणजे सांगणं झालं?”
त्या सावकाश बोलल्या. उन्हाळ्यात न्हाणीत पडल्या. सकाळपासून चार वाजेपर्यंत फरशीवर. सुमन ताक घेऊन गेली तेव्हा सापडल्या. मी तेव्हा व्याख्यानांच्या दौऱ्यावर, जांब समर्थपासून जाफराबादपर्यंत. परतल्यावर विचारलं होतं म्हणे, “कशा आहात?” आणि उत्तराआधी हार कुणी घातला ते सांगायला लागलो.

“तुमच्या भाषणात मी फार छान राहते, सर. घरात एकटी राहते.”
“मग गाणं का नको होतं? खरंच तर झालं ते.”
“आईनं ते ऐंशी वर्षं म्हटलं आणि रेवदंड्यातच गेली. ती म्हणायची, हे जायचं गाणं नाही, वाट बघायचं आहे. मी चालले, सर. आता पोरांच्या तोंडून ते मला ऐकवणार नाही. मला जायचं नाहीय.”

मी म्हणालो, जायचं नाही तर जाऊ नका. त्या म्हणाल्या, “हे पण भाषणच.”

उठून आलो. चहा नव्हताच, सोडून यायला काही नव्हतं.

पस्तीस वर्षं. माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हातावर जन्मल्या. एवढा विश्वास नव्हता? मी उपदेश केला असता, ठीक, केला असता! पण जालन्यालाही मीच नेलं असतं. संधी दिली नाही. ही फसवणूकच. दुसरा शब्द शोधला, नाही सापडला.

रवि., २१ सप्टें.

मुलांना सांगितलं, पाचवं गाणं रद्द. “का सर? पाठ झालं ना!” वेळ कमी आहे, म्हणालो. आठ ओळींचं गाणं. मीही तेच खोटं बोललो.

गृहपाठ तपासला. सानिया: “भावाची माफी मागितली सर. दोनदा. तिसऱ्यांदा गेले तर म्हनला आता आली तर मारीन.” हशा. मग: “तुम्ही कुनाकडं गेल्ते सर?”
“बस खाली.”

मंगळ., २३ सप्टें.

त्यांचा नव्याचा सण. रि.बाईंकडून ताटली आली, सफरचंदाच्या फोडी, मध. वर्ष गोड जावं म्हणून. सुमननं खाल्लं. मी हात लावला नाही. फोडी संध्याकाळपर्यंत काळ्या पडल्या.

रवि., २८ सप्टें.

कार्यक्रम झाला. रानं पाण्याखाली तरी माणसं आली. मुलं सुंदर गायली. होळीच्या गाण्यात प्रधानाचं नाव आलं की ताटल्यांचा असा दणका की आप्पा दचकून खुर्चीतून अर्धे उठले. चार गाणी. पाचवं नाही.

रि.बाई शेवटच्या रांगेत, पांढरं पातळ. त्यांचा सत्कार ठरला होता. शाल आणली होती. मी नाव पुकारलं नाही.

समारोपाला बोललो. लिहून ठेवतो, कारण उद्या मी ते मऊ करून आठवेन. म्हणालो: “गुलामीतून बाहेर पडायला धैर्य लागतं. पण काही माणसं नुसती बाहेर पडतात. शेजाऱ्याच्या पाठीमागून. त्यांची गाणी लिहीत नाहीत.”

सगळ्यांना कळलं. टाळ्या नेहमीपेक्षा उशिरा सुरू झाल्या. मुलं मागं वळून पाहत होती. रि.बाई उठल्या, भिंत धरत पायऱ्या उतरल्या, पावसात तशाच गेल्या. छत्री खुर्चीला अडकलेली राहिली. सुमननं आणली, दाराच्या खिळ्याला लावली.

आयुष्यात इतकं नेमकं वाक्य मी क्वचित बोललोय.

सोम., २९ सप्टें.

सकाळी त्यांचा फोन. नाव दिसलं. वाजू दिला.

छत्रीचं पाणी रात्रभर ठिबकून फरशीवर डाग.

मंगळ., ३० सप्टें.

सुमन त्यांच्याकडं भांडी बांधायला जाते. परतली नि उंबऱ्यातूनच म्हणाली, “ताईंनी निरोप दिलाय. चुकलं म्हणत्यात. आधी तुम्हालाच सांगायला पायजे व्हतं म्हणत्यात. माफ करा म्हणत्यात.”
“त्यांना सांग, ऐकलं.”
“एवढंच?”
“एवढंच.”
“आन् रविवारी तुम्ही बोलले त्याचं?”
पेपर उघडला.

हिशोब मला कळतो. मीच शिकवलाय. कालचा फोन एक. आजचा निरोप दोन.

बुध., १ ऑक्टो.

दारफळणी. आज दिवस मावळताना त्यांचं दार लागणार. उद्या दिवसभर बंद. माझं उद्या धम्मचक्र दिनाचं भाषण, परतूरला. विषय मीच दिलेला: ‘मैत्री’. सकाळपासून बसलोय. कागदावर विषय आहे आणि खाली काही नाही. चाळीस वर्षांत असं झालं नाही.

सुमन मुद्दाम शेताकडं गेली. जाताना म्हणाली, “घरी राहा.”

त्यांनी मला फसवलं. हे मी आजही म्हणतो. नम्र होऊन वगैरे मागं घेणार नाही. पण न्हाणीतली ती फरशी. सकाळपासून चारपर्यंत. हाका मारल्या असतील. दोन घरं सोडून तर आहे. त्या दिवशी मी घरी असतो तर ऐकल्या असत्या? की बोलत असतो?

चार वाजले. वही माझ्याकडंच आहे, द्यायची राहिली. पाचव्या गाण्यावर बोट फिरवलं. ठसा लागतो.

फाटकाची कडी वाजली.

“सर. आहात का घरी? छत्री राहिली माझी.”

छत्रीसाठी नाही आल्या. आभाळ उघडलंय, कडक ऊन आहे. गुडघ्यानं एवढं चालत, उपासाआधीचं जेवण टाकून आल्या. खिडकीतून पांढरा पदर दिसतोय. फाटकाला टेकल्यात. त्यांना ठाऊक आहे मी आत आहे, चप्पल बाहेर आहे.

ही तिसरी. यानंतर त्या मोकळ्या. मग जे उरेल ते माझं.

“सर?”

उठलं की दार पाच पावलांवर. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. पहिलं वाक्य तरी सुचलं की… राहू दे वाक्य, उठतो.