गाईंचे बाप पुसले गेले तेव्हा

जळोची, ता. बारामती
९ मार्च १९९६

आदरणीय सोमनाथ दाजी आणि अंजली अक्का यांना समाधानचा जय भीम.

तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि जिना चढू नका म्हणावं. अक्कानं पाठवलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी पोचली (आणि संपली). अक्षर वाकडं आलं तर रागावू नका. इकडे मी जिवंत आहे. हे वाक्य लोक पत्रात सवयीनं लिहितात, मी विचार करून लिहिलं आहे.

दाजी, तुम्ही चारचौघांत माझी ओळख ‘कॉम्प्युटरवाला मेव्हणा’ अशी करून देता, म्हणून आधी मी करतो काय ते सांगतो. आमच्या संस्थेत बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या संकरित गाईंची माहिती आहे. कोणत्या गाईची आई कोण, बाप कोण, रंग कोणता, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय. गाय माजावर आली की आमचे डॉक्टर कांडी (म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेली बारीक नळी) घेऊन गोठ्यावर जातात. ती कांडी कोणत्या वळूची न्यायची, ते माझ्या कॉम्प्युटरला विचारून ठरतं. का? तर एखाद्या कालवडीला तिच्याच बापाची कांडी जाऊ नये म्हणून. (अक्काला हे वाचून दाखवताना एवढी ओळ गाळा.) सांगायचं म्हणजे दोन तालुक्यांतल्या गाईंची अब्रू माझ्या टेबलावरच्या एका डब्यात होती, आणि मंगळवारी भर दुपारी, मी नवीन वासरं भरत असताना, लाईट गेली.

लाईट जाणं नवं नाही. पण ती परत आली आणि मशीन सुरू केलं, तर पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली, त्यांचा अर्थ असा की ही तुमची फाईल म्हणजे फाईलच नव्हे. मी बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मी खुर्ची धरून बसलो. तुम्ही म्हणाल, दुसरी प्रत असेल की. नव्हती. प्रत काढायला फ्लॉप्या लागतात, आणि त्या पुण्याहून आणायच्या की सोलापूरहून, यावर आमच्या खरेदी समितीत वर्षभर चर्चा चालू होती. बरं, जुने कागद? कॉम्प्युटर आल्याच्या आनंदात आमचे चेअरमन सावळारामतात्या यांनी ते रद्दीत घातले होते.

वृषाली मॅडम (आमच्या मुख्य डॉक्टर, ओरडत नाहीत, नुसत्या बघतात, त्याची भीती जास्त) यांनी ऐकलं, नुसतं बघितलं, आणि सगळ्या कांड्या थांबवल्या. तासाभरात आवार भरलं. काटेवाडीहून, जळोचीहून लोक मोटरसायकली घेऊन आले, तुमच्या इंदापूरकडून फोनवर फोन. माजावर आलेली गाय काही तासच थांबते, नंतर पुढच्या पाळीपर्यंत सगळं वाया. तात्या माझ्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडले, “आरं, गाय काय तुझ्या मशीनची वाट बघत बसती व्हय?” मी टेबलाखाली वायर शोधत होतो. (वायर सापडली होती. मी वर येत नव्हतो.)

दुसऱ्या दिवशी पुण्याहून अविराज नावाचा इंजिनिअर आला. त्यानं पाच मिनिटं बघून सांगितलं, “फॉरमॅट मारू. डिस्क कोरी करून देतो, मग पुन्हा टाईप करा.”

मॅडम म्हणाल्या, “कुठून बघून? गाईंना विचारून?”

त्यानं तरी हात पुढे केला, आणि दाजी, मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी हात धरला. शूर म्हणून नव्हे. पडद्यावर ‘हो की नाही’ असा प्रश्न आला की माझ्याच्यानं हो म्हणवत नाही, तेवढंच. मी म्हटलं, आधी आहे तशी, बिघडलेली का असेना, दुसऱ्या डिस्कवर प्रत काढू, आणि जे काही मारायचं ते तिला मारू. हिशेबाच्या खोलीतल्या मशीनची डिस्क काढून जोडली. प्रत निघेपर्यंत मी मशीनकडे पाठ करून उभा होतो, बघवत नव्हतं.

मग ती प्रत साध्या मजकुरासारखी उघडली. वरती नुसती जाळीजळमटं, आणि खाली, दाजी, गाई! चंद्री, मैना, होल्स्टीन, जर्सी, सगळ्या एका ओळीत, न थांबता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेलं होतं ते फाईलचं फक्त डोकं, म्हणजे कोणती माहिती कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे सांगणारा वरचा भाग. अविराजला आता हुरूप आला. आम्ही त्याच मापाची कोरी फाईल बनवली, तिचं डोकं काढून या धडावर बसवलं. गाई रकान्यांत उभ्या राहिल्या. बाहेर तात्यांनी पेढे आणायला माणूस पाठवला.

पण मला भीती सोडेना. डोकं दुसऱ्याचं, धड तिसऱ्याचं, बाप बरोबर असेल कशावरून? मॅडम म्हणाल्या, “गाय बघून ये.” चार वर्षं मी गाईंच्या संस्थेत नोकरी करतो, पण गाय पडद्यावरच बघितलेली. पाठीमागनं जावं की पुढून, हेही ठाऊक नाही. जळोचीतल्या लीलाबाईंच्या गोठ्यात मी कागद छातीशी धरून गेलो. कागदावर होतं : चंद्री, तांबडी, जर्सी वळूची लेक. समोर उभी होती ती काळी-पांढरी, शिंगासकट.

“तांबडी?” लीलाबाई म्हणाल्या. “डोळं हायेत का बटणं? आन् जवळ जाऊन बिल्ला बघ की, खात न्हाय ती.”

बिल्ला बघायला वाकलो. तिनं मला खाल्लं नाही, कागद खाल्ला. निम्मा मी ओढून काढला, आणि उरलेल्या निम्म्यावर चंद्रीच्या खालची ओळ वाचली : काळी-पांढरी, होल्स्टीनची. म्हणजे चंद्रीचा बाप खालच्या गाईला गेला होता, आणि तिचा तिच्या खालच्या. मी तिथंच शेणात बसलो. पेढे वाटून झाले असते आणि त्या चुकीवर कांड्या गेल्या असत्या, तर नऊ महिन्यांनी दोन तालुक्यांत काय जन्मलं असतं, हा विचार अजून झोपेत येतो.

परत आलो. मधेच कुठंतरी एका गाईची माहिती अर्धी तुटून पडली होती, म्हणून तिच्या खालच्या सगळ्या सरकल्या होत्या. ती जागा सापडली, तुटलेल्याच्या मापाची रिकामी अक्षरं घातली. शेवटचं बटण अविराजनं दाबलं, मी भिंतीकडे तोंड करून होतो. मग लीलाबाई, काटेवाडी, पुन्हा गोठे, पुन्हा शेण. रंग जुळले, बाप जुळले. काल सकाळपासून कांड्या सुरू झाल्या. मॅडम म्हणाल्या, “तू घाबरट आहेस म्हणून वाचलो.” हे कौतुक समजून मी घरी येऊन एकटाच हसलो.

फक्त ती अर्धी तुटलेली गाय मिळाली नाही. ती सावळारामतात्यांची होती. “समद्यांच्या गावल्या, आन् माझीच न्हाय?” असं ते दर तासाला येऊन विचारतात.

असो. अक्काला आणि आईंना नमस्कार. तब्येतीला जपा.

आपला मेव्हणा,
समाधान

ता. क. १ : आता खरेदी समितीनं एका दिवसात फ्लॉप्या आणल्या. मॅडमांचा हुकूम आहे की एक प्रत बारामतीच्या बाहेर, विश्वासाच्या माणसाकडे राहिली पाहिजे. मी तुमचं नाव सांगितलं. न विचारता सांगितलं.

ता. क. २ : पहिला डबा काल दुपारच्या इंदापूर गाडीच्या कंडक्टरकडे दिला आहे. पत्र्याचा आहे, त्यावर ‘औषध’ लिहिलं आहे. कृपा करून तो तुमच्या लाऊडस्पीकरच्या गोदामात ठेवू नका. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, आणि फ्लॉपीला ते विषासारखं.

ता. क. ३ : आज सकाळी मला वाटलं, मशीन खिडकीजवळ आहे, धूळ येते, आतल्या खोलीत नेलेलं बरं. प्रतीची डिस्कही त्यातच होती. उंबऱ्याला पाय अडकला, आणि मशीन हातातून सुटलं. अजून कुणाला कळलेलं नाही, मी त्यावर चादर टाकली आहे. डबा मिळाला असेल तर ऑफिसला फोन करून फक्त ‘आहे’ म्हणा आणि ठेवा, फोन मॅडमांच्या टेबलावर असतो. मिळाला नसेल तर फोन करूच नका, अक्काला माझ्यासाठी अंथरूण घालायला सांगा.