लाडावलेल्या पेशी

१२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या रक्ताने माझी पार अब्रू घालवली. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना मी छाती ठोकून सांगितलं होतं की शिंपी असला तरी माझा भाऊ पैलवान आहे.

तुला माहीतच आहे, तुझ्या भिंगरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी अर्धवट पिकूनच मरतात. डॉक्टरांना संशय आहे तो एका जनुकाचा, पण ते जनुक काय काम करतं हेच कुणाला ठाऊक नाही. म्हणून तुझ्या रक्तातल्या कोवळ्या पेशी डबीत वाढवल्या. अर्ध्यांतलं ते जनुक बंद केलं, अर्ध्यांना हात लावला नाही. बंद केलेल्या तेवढ्या फिक्या राहिल्या असत्या, तर चोर सापडला असता. पण सगळ्याच फिक्या! आता पुन्हा पहिल्यापासून. वहिनीला एवढ्यात काही सांगू नकोस. लोभ आहे तो उसवू देऊ नकोस.

तुझी ठकी

२० जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

माझं रक्त आणि फिकं? इथे गिऱ्हाइकाने माप चुकीचं सांगितलं तर कान लाल होतात माझे! तूच काहीतरी गोंधळ घातला असशील. लहानपणी दूध तापवायला ठेवून पुस्तक वाचत बसणारी तू.

थट्टा राहू दे. परवा भिंगरीला पुन्हा रक्त चढवलं. पूर्वी हात मागे घ्यायची, आता आपणहून पुढे करते. ते बघवत नाही. तुझी वहिनी अजून म्हणते की पोटुशी असताना मी धड जेवले नाही, त्याचंच हे फळ. तिला समजावून मी थकलो. जमेल तेवढं लवकर कर, पण जेवत जा. आमची माया गृहीत धर.

दादा

९ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं रक्त निर्दोष सुटलं. गुन्हेगार मी. या पेशींना आधी वाढीचं खाणं द्यायचं, मग ते तोडून पिकायचं खाणं द्यायचं. बदलताना बऱ्याच मरतात. तुझ्या पेशी म्हणून माझं मन धजेना, मी वाढीचंच खाणं देत राहिले. त्याही मजेत वाढत राहिल्या, पिकायचं नाव नाही. मॅडम म्हणाल्या की नातेवाइकांच्या पेशी हाताळायला दिल्या की हे असं होतं.

मग लाड बंद केले. हात न लावलेल्या पेशी नळीच्या तळाशी लालभडक बसल्या. जनुक बंद केलेल्या पांढुरक्याच. चोर तोच, दादा.

त्यानंतर भिंगरीच्या पेशींत त्या जनुकाची चांगली प्रत सोडली. त्या लाल झाल्या. तुझ्याइतक्या नाहीत, पण झाल्या. मी तिथेच उभी राहून रडले. मात्र हे औषध नव्हे. डबीतलं शरीरात आणायला वर्षं लागतील, कदाचित जमणारही नाही. वहिनीला सांग, तिच्या जेवण्या-न जेवण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमच्या सगळ्यांच्या आठवणीत असलेली,

ठकी

१७ ऑगस्ट

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनी शिलाई मशीनवर डोकं टेकून मनसोक्त रडली. मी चेष्टा करायला गेलो, पण शेवटी तिचं ताट वाढून आणलं. त्या दिवशी ती किती वर्षांनी पोटभर जेवली.

भिंगरी दाराआड सगळं ऐकत होती. रात्री मला म्हणाली की लाल झालेल्या पेशी तिच्याच आहेत, तर आत्या त्या परत कधी देणार. आत्यालाच विचारू, एवढंच म्हणालो. तेव्हा उत्तर तिच्या नावाने पाठव. आणि खोटं लिहू नकोस, तिला आता वाचता येतं.

तुझा दादा