ट्रॅक्टर आणि तांदळाचं धुवण

१४ एप्रिल १९३७
तमिळ नववर्ष, वर्षाची पहिली नांगरट. नाचियार्कोविल गावातले सगळे बैल घेऊन आले, मी ट्रॅक्टर. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, चारही चिरडली. शुभ आहे. कोरड्या मातीत असा धावला की लोक नांगर सोडून बघत राहिले. कुंभकोणम् तालुक्यात एवढं सायंटिफिक डोकं दुसरं नसावं.
संध्याकाळी वेल्लै आणि कारी, दोन्ही बैल, शेजारच्या चंद्रमौलीला विकले. बायको, त्रिपुरसुंदरी, दोघांच्या पाठीवरून हात फिरवून आत गेली. बायकांना प्रोग्रेस उशिरा पटतो.

२० एप्रिल
त्रिपुरसुंदरी अजून तांदळाचं धुवण रोज गोठ्यात बैलांच्या दगडी डोणीत ओतते. ट्रॅक्टर रॉकेल पितो, हे समजावलं. म्हणाली, हाताला सवय आहे. महिनाअखेरपर्यंत तिची सवय मोडायची.

९ मे
इंजिन सुरू होईना. क्रँकचं हँडल उलटं फिरून मनगट सुजलं. मॅन्युअल म्हणतं, प्लग साफ करा. आमच्या गावात समया ओतणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, साफ करणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको. चिंच लावून घासला, वर विभूती. सोन्यासारखा लखलखतोय. इंजिन थंड.

३ ऑगस्ट
मद्रासहून नवा प्लग आला. इंजिन सुरू! आज आडिपेरुक्कु, नदीच्या नव्या पाण्याचा सण, कालव्याला पाणी आलं. भाताचं बी पेरलं. चिखलणीला महिना आहे. ट्रॅक्टरला एक सकाळ पुरे.

२८ ऑगस्ट
पाणी भरलेल्या खाचरात ट्रॅक्टर घातला. आसापर्यंत खाली गेला. रुतला म्हणता येणार नाही, चाकांनी पकड घेतली आहे. पकड जरा जास्त झाली. वळवताना चंद्रमौलीचा बांध फुटला. तो म्हणाला, परवायिल्लै, चालतंय. त्याची चिखलणी कधीच आटोपली. वेल्लै-कारीने केली.

२ सप्टेंबर
पाऊस. ट्रॅक्टर आणखी खाली. सीटवर बगळा बसतो. त्रिपुरसुंदरी म्हणाली, रोपं पिवळी पडताहेत, चार दिवसांत लावणी झाली नाही तर वर्षाचं भात गेलं, पोंगलच्या मडक्यात मी काय घालू. चंद्रमौलीकडे बैल मागा म्हणाली. मागणार नाही. विकलेले बैल मागायला कुठल्या तोंडाने जाऊ?

५ सप्टेंबर
सकाळी चंद्रमौली न बोलावता आला, वेल्लै-कारीला घेऊन. दोर बांधून ट्रॅक्टर बाहेर ओढला, मग नांगर जुंपून खाचर चिखललं. मी बांधावरून सूचना दिल्या. कोणी ऐकल्या नाहीत. उद्या लावणी.
जू सोडल्यावर दोघं बैल त्याच्या गल्लीत वळलेच नाहीत. सरळ आमच्या गोठ्यात. डोण भरलेली होती. घटाघटा प्यायले. त्रिपुरसुंदरी वेल्लैच्या मानेवर हात ठेवून उभी होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
त्याचे बैल त्याला पोचवायला मीच गेलो. त्याच्या गोठ्याच्या दारात दोघं अडून राहिले. चंद्रमौली म्हणाला, राव, रोज असंच करतात, तुम्ही पुढे व्हा. मी पुढे झालो, तेव्हा मागून आले. त्यांना दुसऱ्याच्या गोठ्यात मी बांधलं. कारी माझं क्रँकने दुखावलेलं मनगट चाटत होता. बराच वेळ मला तिथून निघवेना.