हवाबाईच्या तोंडावर चार शब्द

२१ मे
हवाच्या काखेत गाठ! आज दार लोटून तिने स्वतःच माझा हात धरला आणि तिथे टेकवला. बोराएवढी. मी हात मागे ओढला, ती हसतेय.
"जन्मभर बांधणीच्या गाठी बांधल्या, जेठी. एक माझ्यातच राहिली बघ!"
मी हसले नाही.

२४ मे
तिला आणि तिच्या सुनेला, झुलेखाला, घेऊन भुजला गेले. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कळायला वेळ लागेल म्हणे. परतीच्या बसमध्ये हवा आमची मांडवी येईपर्यंत घोरत होती. कमाल आहे बाईची!

२६ मे
एक जूनला हवाचा पासष्टावा वाढदिवस करायचा, असं झुलेखाने ठरवलंय. एक जून ही शाळेतली तारीख. पहिलीत मास्तरांनी आम्हा दोघींची तीच लिहिली, खरी कुणाला ठाऊक! मी म्हटलं, आधी डॉक्टरांचं कळू दे. तर हवा फणकारली—
"का? मेल्यावर चार शब्द बोलणारच आहेस ना? ते आत्ता बोल. मला ऐकू तरी येतील!"
झुलेखा तोंडाला ओढणी लावून आत गेली.

२९ मे
काय बोलू? कुठून सुरू करू?
पाचवीत बापूंनी मला शाळेतून काढलं. धाकटी भावंडं सांभाळायला. दुसऱ्याच सकाळी हवा आमच्या उंबऱ्यात येऊन बसली. "काका, जेठी येत नाही तर मीही जात नाही." बापू ओरडले, हाकललं. पोरगी हलेना! रोज यायची, बसायची. शेवटी आईच म्हणाली, "उद्या हिची आई येऊन माझ्या झिंज्या धरेल. पाठवा बाई पोरीला!" सातवीपर्यंत शिकले. म्हणून तर हे लिहितेय.
आणि ते दुसरं— यांचं गलबत मस्कतच्या वाटेवर बुडालं, तेव्हा. बायका यायच्या, रडायच्या, जायच्या. हवा बांधणीचं कापड आणि दोरा घेऊन आली. दोन्ही माझ्या मांडीवर टाकलं.
"रड. पण हात चालू ठेव."
त्याच कामावर माझा मुलगा मनसुख मोठा झाला.

३१ मे
पाठ होत नाही. मध्येच रडू येतं.

१ जून
झालं एकदाचं! अंगणभर माणसं, खारा भात, ताक. मी उभी राहिले आणि सगळं विसरले. शाळेचं कसंबसं सांगितलं आणि खाली बसायला लागले. तर खुर्चीतून हवाच ओरडली, "गलबताचं राहिलं गं!" सगळे हसले. मग तेही सांगितलं. कुणी हसलं नाही.
माणसं गेल्यावर तिने माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच ती हसत नव्हती.
"ऑपरेशन करायचं झालं तर तू आत येशील?"
"आत कोण सोडतंय मला! दारात बसेन. हाकललं तरी उठणार नाही."
किती वर्षांनी मला तिच्यासाठी काही करता येतंय.

७ जून
भुजहून फोन आला. गाठ साधी आहे. काही नाही! झुलेखाने मला मिठीच मारली. हवाने कापडावरून मानही वर केली नाही.
"म्हणजे एवढं कौतुक फुकट गेलं म्हणायचं!"
मग उठून न्हाणीघरात गेली. कडी लावली. बराच वेळ नळ वाहत होता.