चेहरा ओळखणारं दार

९ फेब्रुवारी
वेदिकाने नोकरी सोडली. पुण्याला गेली. आंब्याचा सीझन तोंडावर आणि ऑनलाईन ऑर्डरी घ्यायला उरले दोघंच, तेजल आणि राकेश. हे जाता कामा नयेत, नाहीतर दुकान बंद. आता ऑफिसच असं करतो की सोडवणार नाही.

१४ फेब्रुवारी
बीन बॅग, कॉफी मशीन, भिंतींना पोपटी रंग. मांडवीच्या समुद्राकडची खिडकी ठोकून बंद केली, त्यावर समुद्राचा मोठा फोटो. दोघं खऱ्याकडे बघत बसतात. राकेश बीन बॅगमध्ये बसला तो उठेचना. कंबर धरली म्हणे. आवडली असणार.

२० फेब्रुवारी
दाराला चेहरा ओळखणारं मशीन. आत-बाहेर करताना चेहरा दाखवायचा, हजेरी आपोआप. आतून उघडायचं बटण मीच नको म्हटलं. तेजल म्हणाली, सर तुमचाही चेहरा नोंदवू. मालकाला कसली डोंबलाची हजेरी? मी त्यांच्यामागून शिरतो. रुबाब राहतो.

२ मार्च
शिमग्याला रजा नाही, बदल्यात ऑफिसात पुरणपोळी. दोघांनी लॅपटॉपात डोकं घातलं. पटलेलं दिसतंय.

५ मार्च, सकाळी
दोघांनी मला आत घेतलं, लॅपटॉप टेबलावर ठेवले आणि निघाले. शिमग्याची देवाची पालखी घरी येणार, थांबता येणार नाही म्हणे. जाऊ देत. कॉफीसाठी परत येतील.

दुपारी
दार उघडेना. 'अनोळखी व्यक्ती.' मी! हसून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. दोघांचे फोन लागतात, ढोलांत कोणाला ऐकू येतायत? बायकोला फोन केला. करुणा म्हणाली, एवढं आवडलं का ऑफिस?

चार वाजता
मिस्ड कॉल बघून राकेश आला, पण शिमग्यात घरोघर नाचणाऱ्या खेळ्यांतली गोमू होऊन. नऊवारी, नथ, तोंडभर पावडर-लाली. मशीन त्यालाही ओळखेना. तोंड धू म्हटलं, तर अजून बरीच घरं नाचायची आहेत, पुन्हा कोण रंगवणार म्हणाला. गेला. घाम फुटलाय. कॉफी संपली.

संध्याकाळी
तेजलचा फोन. मला मशीनसमोर उभं केलं आणि मोबाईलवरूनच माझा चेहरा नोंदवला. मग सांगितलं, तिची आणि राकेशची नावं काढली, दोघं पुण्याला वेदिकाच्या कंपनीत चाललेत. विचारलं, काय कमी केलं मी?
"ती खिडकी तेवढी उघडी ठेवायची होती, सर."
दार उघडलं. मशीनवर अक्षरं आली. एकूण कर्मचारी: एक. आज उशिरा हजर.