विजारींच्या मुठी

२४ सप्टेंबर १९०४

कात्री घेऊन बसले, तर आयव्हर दारातूनच पळाला. ‘आजी, फुटबॉलचा हंगाम संपेपर्यंत केस कापायचे नाहीत! डोक्याला तेवढंच कवच.’ म्हटलं, गाढवा, केस मेंढीलाही असतात, ती काय डोक्याने भिंत पाडायला जाते? माईर हसते आहे. लेकी, हसू नकोस, लिही. मला अक्षर येत नाही म्हणून तुला बसवलंय.

१ ऑक्टोबर

कॉलेजच्या संघाच्या अकरा विजारी घरी शिवणाला आल्या. अमेरिकेतला हा फुटबॉल, पायाने कमी नि चेंडू काखेत दाबून जास्त! प्रशिक्षक पर्डी म्हणाले, कमरेला दोन्हीकडे चामड्याच्या मुठी शिवा. चेंडू घेऊन पळणारा अडला, की आपल्याच गड्यांनी मुठी धरून त्याला गर्दीतून ओढायचं. पडला तरी ओढायचं! म्हटलं, अहो, खाणीतलं खेचरसुद्धा पडलं की सोडतात. तर म्हणाले, ‘खेचराला फी माफ नसते, आजीबाई.’

आयव्हर खेळतो म्हणूनच त्याची फी माफ. माझा नवरा खाणीत गेला, मग मुलगा — आयव्हरचा बाप. दोघेही वर आले ते फळीवरून. ह्याला मी खाली उतरू देणार नाही! मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवल्या मुठी. अकराच्या अकरा.

८ ऑक्टोबर

जिंकलो! अकरा–शून्य. आयव्हरचं नाक वाकडं झालं. आधी तरी कुठे सरळ होतं.

२३ ऑक्टोबर

कालच्या सामन्यात आयव्हर दोनदा बेशुद्ध पडला. पाणी मारून उभा केला, परत खेळवला. आज जेवताना म्हणतो, ‘बाबा अजून पाळीवरून आले नाहीत?’

बाप जाऊन सात वर्षं झाली.

२५ ऑक्टोबर

पर्डींना गाठलं. म्हटलं, पोराला बसवा. ‘बसेल तो फी भरेल,’ म्हणाले. आयव्हर माझ्यावरच उखडला — ‘चारच सामने, आजी! मग वर्षभर खाणीचं नाव नको.’ संघाचा कर्णधार वेंडेल चुलीपाशी बसून माझे बटाटे संपवत होता. बैल आहे नुसता, पण गोड. म्हणाला, ‘आजी, काळजी करू नका. मी आहे ना ह्याच्या शेजारी.’ म्हटलं, तू बटाट्यांच्या शेजारी असतोस.

३० ऑक्टोबर

जिंकलो. आयव्हर घरी येताना वाट चुकला. गल्ली एकच आहे.

४ नोव्हेंबर

आयव्हरच्या विजारीच्या मुठी मीच उसवल्या. कुजक्या दोऱ्याने परत शिवल्या. पहिल्या हिसक्याला तुटतील. ओढताच आला नाही, तर त्याला चेंडू कशाला देतील? मार कमी बसेल आणि संघातही राहील. आहे की नाही म्हातारी हुशार! माईर विचारते, ‘आई, हेही लिहायचं?’ लिही.

५ नोव्हेंबर

मी नि माईर मैदानाच्या दोरीपाशी उभ्या होतो. आयव्हरला खेळता खेळता ओकारी आली. बाहेर बसवला. बरं वाटलं मला. थोड्या वेळाने वेंडेलची विजार मांडीपासून फाटली. आयव्हरने घोंगडी गुंडाळून आपली काढून दिली — ‘घे, आजीचे टाके आहेत!’

मी ओरडले. त्या गोंगाटात कोण ऐकतंय!

चेंडू वेंडेलकडे. आपल्याच दोघा गड्यांनी मुठी धरून ओढलं. मुठी त्यांच्या हातात आल्या, दोघे उताणे. वेंडेल एकटाच खाली, वर समोरच्या संघाचा सगळा ढीग. ढीग उठला, वेंडेल उठला नाही. मान भलतीकडे होती.

६ नोव्हेंबर

वेंडेल गेला.

पर्डी म्हणतात, चामडं जुनं असेल. मी त्याच्या आईकडे गेले ते कुजक्या दोऱ्याचं सांगायला. तिने माझे दोन्ही हात धरले — ‘तुमच्या घरच्या बटाट्यांचं फार कौतुक होतं हो त्याला.’ सांगितलं नाही. तशीच परतले.

माईरची लेखणी थांबली आहे. लिही गं. कुठेतरी असू दे.

१४ नोव्हेंबर

वेंडेल गेला म्हणून कॉलेजने फुटबॉल कायमचा बंद केला. खेळ नाही, तर माफीही नाही.

आयव्हर आज सकाळच्या पाळीला खाली उतरला.