शालनची चार पावलं

६ फेब्रुवारी १९६६, रविवार

पाहुणे गेले. बशी बशी पोहे खाऊन गेले!

नातीला, शालनला, ते यायच्या आधीच सतरंजीवर बसवून ठेवली होती. निऱ्या पायांवर पसरून. "पाय मुरगळलाय हो," मी म्हटलं. मुलाची आत्या बिलंदर. म्हणते, "असू दे, स्वल्प उभी तरी करा." काय उभी करणार, माझं कपाळ! दोन वर्षांची असताना पोलिओत गेलेले पाय ते. माझा लेक रत्नाकर सतरंजीचे दोरे उपटत बसला. सून अनुसूया आत चहा गाळतेय ती गाळतेच आहे. आईबापांनी तोंडं शिवली की खोटं बोलायचं काम माझं. तिसरं स्थळ हे.

शालन हसली. "आज्जी, पुढच्या वेळी दोन्ही मुरगळव."

टवळी.

१७ फेब्रुवारी

जात्यावर चार शेर नाचणी दळून घेतली तिच्याकडून. अनुसूयेचं तोंड वाकडं — "पोरीला किती राबवता." बाई, तू दिवसभर शाळेत शिकवायला, रत्नाकर कारखान्यात. या कन्नड मुलखात, राजाजीनगरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. बसून करायचं काम बसणारीनेच करायचं. पाय गेलेत, हात गेले नाहीत.

२७ फेब्रुवारी, रविवार

इस्पितळातला व्यायामाचा मास्तर, हयवदन, घरी आला. शालनचे दंड दाबून बघतो आणि मला विचारतो, "अज्जी, हिला काय घालता खायला?" म्हटलं, खायला नाही, दळायला घालते. नाचणी.

चाकाच्या खुर्चीच्या शर्यती असतात म्हणे. माणसं बसून पळतात! "मग मीही पळते की," म्हणून मी हसले. तो हसला नाही. शालनही नाही. तिचा चेहरा बघून माझं हसू तोंडातच राहिलं.

५ मार्च

रोज सराव. सायकलच्या ट्यूबचे तुकडे तळहातांना बांधते, तरी फोड. फोडावर फोड. मी म्हटलं, आता हातही मुरगळलेत म्हणून सांगावं लागेल.

१३ मार्च, रविवार

मैदानावर गेले बघायला. शंभर यार्ड. पाच खुर्च्या. दोन तर पलटणीतले जवान, लढाईत पाय गेलेले.

इतकी वर्षं मी तिला वरूनच बघत आले. सरपटताना, भाजी चिरताना. शिट्टी झाली आणि तिने मान खाली घालून चाकांना असे दणके दिले, की लोखंड कुरकुरायला लागलं. पोलकं पाठीवर टर्रकन उसवलं — चारचौघांत! तिला पत्ता नाही. पहिली आली. मागून एक जवान ओरडला, "अक्का, आम्हाला पण रस्ता ठेव की!"

घाम पुसायला पदर पुढे केला तर म्हणते, "राहू दे. असाच वाळू दे."

घरी येऊन पोलकं शिवलं. शिवताना पुष्कळ बोलले. ती ऐकतच नव्हती.

२२ मार्च

मुंबईला मोठी शर्यत. निवड झाली तर परदेश. आधी सहा महिने मुंबईतच राहून सराव, आणि मास्तर तिला तिकडेच नोकरीही बघणार, टेलिफोनवर बसायची. त्याआधी फक्त डॉक्टरची तपासणी. "आई, मी परत आलेच नाही तर चालेल ना?" शालन अनुसूयेला विचारते. हसत! अनुसूया रडली. रत्नाकरने पेढे आणले. माझा दाताला चिकटला.

४ एप्रिल, सोमवार

घोळ झाला.

रत्नाकरला रजा नाही, म्हणून सोबत मी गेले. डॉक्टरने शालनला टेबलावर निजवलं, पाय वाकवले, टाचणी टोचली. उजवी मांडी जराशी हलली. त्याला शंका. "ही चालते का?"

शालन म्हणाली, "नाही."

आणि माझ्या तोंडून गेलं — "चालते की. भिंत धरून चार पावलं चालते."

सवय! तीन स्थळं झाली, कोणी तिच्या पायांचं विचारलं की जीभ आपोआप सुटते. चालणाऱ्यांना त्या शर्यतीत घेत नाहीत, हे मला काय ठाऊक!

शालन किंचाळली, "खोटं बोलतेय ती!" डॉक्टर म्हणाला, पळायला मिळावं म्हणून मुली काहीही सांगतात, घरची वडीलधारी बाई कशाला खोटं बोलेल? कागदावर लिहिलं. शिक्का मारला. नाव कापलं.

जटक्याच्या गाडीत ती घरापर्यंत घोड्याच्या पाठीकडे बघत बसली.

५ एप्रिल

शालन जेवली नाही. मी जेवले.

९ एप्रिल

हयवदन भांडायला आला. शर्यतीची मंडळी काल मुंबईला गेली, आता भांडून काय! "अज्जी, कसं बोललात हो असं?" रत्नाकर मध्ये पडला, "मास्तर, अडाणी बाई आहे. तिला काय कळणार?"

शालन जात्यापाशी होती. "तिला बोलू नका कोणी. माझ्या भल्याचंच बोलायला गेली ती." आणि दळत राहिली.

डॉक्टरचा कागद रत्नाकरने घडी घालून कपाटात ठेवला. 'चालू शकते' — शिक्क्यासकट! पुढच्या स्थळाला दाखवायला.

२४ एप्रिल

तिच्या तळहातांचे घट्टे सोलून निघतायत. खालची कातडी गुलाबी, तान्ह्या पोरासारखी.

१ मे, रविवार

चार एप्रिलला या वहीतही खोटंच लिहिलं. शालनला वजनाला आत नेलं तेव्हा, तपासायच्या आधीच, डॉक्टरने बाहेर बाकावर मला तो नियम सांगितला होता. कन्नडात, दोनदा. मी "सरी", बरं, म्हटलं. कन्नड मला चाळीस वर्षं येतं.

ती गेली असती, तर या घरात बसून राहणारी मी एकटीच उरले असते.